गावाच्या ताब्यातलं जंगल कसं चालतं? खानदेशातल्या सामूहिक वनहक्काची सोपी ओळख

जळगाव, धुळे, भुसावळकडची निसर्गप्रेमी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: आम्ही पंधरा-वीस जण वर्गणी काढतो, सातपुड्यात जंगलाचा तुकडा विकत घेतो, ट्रस्ट नोंदवतो आणि राखतो, जमेल का? इच्छा मनापासूनची असते, पण हा रस्ता जवळजवळ बंद आहे. तो का बंद आहे हे समजून घेतलं की खुला रस्ता कुठून जातो तेही दिसतं.

ट्रस्ट नोंदवायला अडचण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. घोडं अडतं ते जमिनीपाशी. राज्यातली बहुतेक खाजगी वनं १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा झाली. त्यामुळे विकाऊ असं मोठं जंगल उरलेलंच नाही. डोंगराच्या कडेची शेतजमीन घ्यावी, तर १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती घेऊ देत नाही, आणि यात ट्रस्टही आला. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर ती बिगरआदिवासीकडे जाण्यावर बंधन घालणारी जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६अ आडवी येतात, आणि ती यायलाच हवीत. सावकारांकडे आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेलेली जमीन परत मिळावी म्हणून १९७० च्या दशकात शहाद्याच्या आदिवासींनी केवढा लढा दिला, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. उरलेलं बहुतेक जंगल राखीव किंवा संरक्षित वन म्हणून सरकारी दप्तरात आहे. ते विक्रीला नाही.

मात्र ते विकत न घेता गावाच्या हाती येऊ शकतं. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६, म्हणजे आपण ज्याला वनहक्क कायदा म्हणतो, तो ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. यातले वैयक्तिक दावे सगळ्यांना माहीत आहेत: कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा, चार हेक्टरची मर्यादा. पण याच कायद्याच्या कलम ३ मध्ये गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचं संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. त्याला सामूहिक वनसंसाधनाचा हक्क म्हणतात. इथे चार हेक्टरची मर्यादा नाही. गाव पिढ्यान्‌पिढ्या जेवढं जंगल वापरत आणि राखत आलं, तेवढ्यावर दावा करता येतो. ते जंगल राखीव असो, संरक्षित असो की अभयारण्यातलं, कायद्याने फरक पडत नाही. यावल आणि अनेर अभयारण्यांच्या आत-बाहेरच्या गावांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

ट्रस्टची कल्पना ज्यांना आवडते त्यांच्यासाठी सांगायचं, तर ही ग्रामसभा विश्वस्तासारखीच आहे. जमिनीची मालकी कागदोपत्री सरकारचीच राहते. ग्रामसभेला ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. जंगल राखायचं, त्यातून मिळेल ते न्यायाने वाटायचं आणि पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं, एवढाच अधिकार आणि एवढीच जबाबदारी. फरक इतकाच की विश्वस्त पाच-सात नसून गावातली सगळी प्रौढ माणसं असतात.

संयुक्त वन व्यवस्थापन समितीशी याची गल्लत होते, म्हणून एक खुलासा. संयुक्त वन व्यवस्थापन ही वनविभागाने गावाला दिलेली भागीदारी. ती शासन निर्णयावर उभी असते आणि निर्णय बदलला की बदलते. सामूहिक वनहक्क संसदेच्या कायद्यावर उभा आहे. अधिकारी बदलून गेला म्हणून तो जात नाही.

दावा कसा उभा राहतो

सुरुवात ग्रामसभेपासून, आणि ग्रामसभा कोणती हा पहिलाच खड्डा. अक्राणी किंवा अक्कलकुव्यात एका ग्रामपंचायतीत आठ-दहा पाडे असतात, दोन पाड्यांमध्ये एखादा डोंगरही असतो. पंचायतीची एकच मोठी ग्रामसभा घेतली तर ना गणपूर्ती होते, ना जंगलाची हद्द ठरते, कारण प्रत्येक पाड्याचं जंगल वेगळं. कायद्यात पाड्याची ग्रामसभा चालते. जे लोक एक जंगल वापरतात, त्यांचीच ग्रामसभा बसवा.

२०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. ही सभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. आदिवासी गावात तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला असतात. दावा नमुना ‘क’ मध्ये भरायचा. नमुना ‘अ’ वैयक्तिक हक्कासाठी आणि ‘ब’ चराई, गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल), मासेमारी अशा सामूहिक वापराच्या हक्कांसाठी. ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही भरा. नुसता ‘ब’ भरून थांबलेल्या गावांना वापराचा हक्क मिळतो, पण व्यवस्थापनाचा कागद हाती येत नाही, आणि चार वर्षांनी ते लक्षात येतं.

पुरावे किमान दोन लागतात. ते कुठून आणायचे? खानदेश जिल्ह्याचं १८८० चं गॅझेटिअर, जुने जनगणना अहवाल, वनविभागाच्या कार्य आयोजना (जंगलाच्या कामाचे आराखडे), निस्तारच्या म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या नोंदी हे कागदी पुरावे. जमिनीवरचे पुरावे याहून बोलके असतात: वाघदेवाचं ठाणं, डोंगऱ्या देवाची जागा, स्मशान, जुनी विहीर, ढोरं बसवायची जागा, मोहाची आणि आंब्याची नाव असलेली झाडं. जाणत्या माणसांचे जबाब हाही नियमांत मान्य पुरावा आहे. जबाब घेताना ‘आम्ही पूर्वीपासून जंगल वापरतो’ एवढंच लिहून भागत नाही. कोणता नाला, कोणती खोरी, कोणत्या महिन्यात काय आणायचो, शेजारच्या गावाची शीव कुठे लागते, हे त्यांच्याच शब्दांत लिहा. सभा पावरीत, भिलीत, मावचीत किंवा कोकणीत चालवा. इतिवृत्त मराठीत लिहा, पण सह्या-अंगठे घेण्यापूर्वी ते बोलीत वाचून दाखवा.

मग हद्द फिरायची. या कामाला पूर्ण दिवस, मोठ्या गावाला दोन-तीन दिवस लागतात. सोबत दोन जाणती माणसं, दोन बायका (लाकूडफाटा, भाजी, डिंकाच्या जागा त्यांना जास्त ठाऊक असतात), जीपीएस असलेला फोन आणि वही. प्रत्येक वळणावर, नाल्याच्या संगमावर, दगडाच्या ढिगावर बिंदू नोंदवा आणि वहीत त्याचं गावातलं नाव लिहा. दाट झाडीखाली आणि अरुंद दरीत फोनचा बिंदू वीस-तीस मीटरने सहज सरकतो, म्हणून एका जागी दोन-तीन मिनिटं थांबून, आकडा स्थिरावल्यावरच नोंद घ्या. वनविभागाने जंगलाचे कक्ष, म्हणजे तुकडे, पाडून त्यांना क्रमांक दिलेले असतात; ते नकाशावर टाका. हक्कपत्रात जागा याच क्रमांकांनी ओळखली जाते.

शेजारच्या गावाची समिती त्या दिवशी सोबत असलीच पाहिजे. बरेच दावे इथे अडकतात. दोन गावं एकाच खोऱ्यातला मोह वेचत असतील तर कागदावर रेघ मारून भांडण ओढवू नका. नियमांतच दोन्ही समित्यांनी एकत्र बसून तोडगा काढायची सोय आहे. हद्द एकाची, वेचणीचा हक्क दोघांचा, असं लिहून दोन्ही ग्रामसभांचे ठराव जोडता येतात.

पडताळणीच्या दिवसाची लेखी सूचना वनविभागाला आणि महसूल विभागाला द्यायची आणि पोच जपून ठेवायची. ‘आमचा माणूस हजर नव्हता’ अशी हरकत पुढे आली तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो, आणि दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम राहतो. पोच हरवली तर हा बचाव हातातून जातो. पुढे ठरावासह फाइल प्रांत कार्यालयात उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे. फेटाळल्याचं किंवा बदल केल्याचं कारण लेखी द्यावं लागतं आणि अपिलाला ६० दिवस असतात. ते दिवस कागद हाती पडल्यापासून मोजायचे, म्हणून पाकिटावरची तारीखही फाडू नका. मदतीसाठी तळोदा, नंदुरबार, धुळे आणि यावल इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत.

हक्कपत्र आलं की हार-तुरे करण्याआधी चार गोष्टी तपासा. हक्कधारक म्हणून ग्रामसभेचं नाव आहे का, की चुकून दुसऱ्याच समितीचं? क्षेत्र दाव्याइतकं आहे का, आणि कमी असेल तर कारण दिलंय का? कक्ष क्रमांक आणि चतुःसीमा नकाशाशी जुळतात का? आणि कायद्यात नसलेली एखादी अट खाली चिकटवली आहे का? नंतर हा हक्क महसूल आणि वन अभिलेखांत नोंदवून घ्यायचा. त्याला नियमाने तीन महिन्यांची मुदत आहे, आणि पाठपुरावा केला नाही तर ती उलटून जाते.

कागदानंतरचं काम

हक्कपत्र मिळालेली पण जंगल आणखी विरळ झालेली गावं आहेत, आणि कागद हाती नसताना राखलेली गावंही आहेत. साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे दुसऱ्या प्रकारातलं. वनहक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या दशकात, गावाने स्वतः नियम केले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दंड, राखणीची पाळी. उजाड डोंगरावर ४०० हेक्टरांहून जास्त जंगल उभं राहिलं. त्या कामाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्यात पाहण्यासारखं जंगल आहेच, पण शिकण्यासारखी गोष्ट आहे ती नियमांची: ते थोडके होते, सगळ्यांना पाठ होते आणि सरपंचाच्या घरालाही लागू होते.

नियमांनुसार ग्रामसभा एक व्यवस्थापन समिती नेमते आणि ती समिती आराखडा करते. आराखडा म्हणजे सल्लागाराकडून छापून आणलेलं रंगीत पुस्तक नव्हे. त्यात तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: जंगलात काय आहे, गावाला त्यातून काय लागतं, आणि या दोन्हींचा मेळ कसा बसतो.

काय आहे हे मोजायला दोरी पुरते. १० बाय १० मीटरचा चौकोन आखा. आतली मोठी झाडं जातीनुसार मोजा, छातीइतक्या उंचीवर घेर घ्या, आणि कमरेखालची रोपं व बुंध्याचे फुटवे वेगळे मोजा. असे १०० चौकोन म्हणजे एक हेक्टर, त्यामुळे एका चौकोनात सरासरी १० रोपं आली तर हेक्टरी १,००० समजायची. माथा, उतार, नालाकाठ अशा प्रत्येक भागात पाच-सहा चौकोन तरी घ्या. मोठी झाडं भरपूर पण रोप एकही नाही, असं दिसलं तर ते जंगल म्हातारं होतंय. सातपुड्यात चारोळी, बिजा आणि मोह यांचं बऱ्याच ठिकाणी असंच झालेलं दिसतं.

चाऱ्याचं गणितही असंच. पावसाळा सरताना एक चौरस मीटरमधलं गवत कापा, वाळवा, वजन करा. १०० ग्रॅम भरलं तर हेक्टरी एक टन. आपल्याकडच्या लहान चणीच्या गाईला दिवसाला साधारण सहा किलो सुका चारा लागतो. १०० गुरं म्हणजे दिवसाला ६०० किलो, महिन्याला १८ टन. ही बेरीज फळ्यावर मांडली की ‘चराई बंद करायची का’ हा भांडणाचा विषय ‘किती भाग, किती दिवस’ अशा हिशेबावर येतो. सगळं जंगल एकदम बंद करायचं ठरवलेली गावं पहिल्याच उन्हाळ्यात हरतात, कारण ढोरं उपाशी ठेवून कुणी नियम पाळत नाही. चार भाग करा. एक भाग रोपं ढोरांच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत, साधारण तीन वर्षं, बंद ठेवा आणि तिथलं गवत कापून न्यायला मोकळीक द्या. पवन्या, मारवेल ही चांगली गवतं बी झडल्यावर कापायची. आधी कापली तर दोन-तीन वर्षांत कुसळी माजते. धुळे-साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ वर्षानुवर्षं ठरल्या वाटेने येतात, आणि हंगामी चराईचा त्यांचा हक्कही याच कायद्यात आहे. बंद भाग आखताना त्यांची वाट आणि पाण्याची जागा सोडा, तारखा त्यांच्या म्होरक्याशी बोलून ठरवा.

लागवडीविषयी आमचं मत स्पष्ट आहे: सातपुड्यात पहिली पाच वर्षं खड्डे खोदण्यापेक्षा जे जमिनीत जिवंत आहे त्याला वर येऊ द्या. तोडलेल्या साग, धावडा, अंजन, तिवसाच्या खोडांना मुळं शाबूत असतात. बुंध्याला आठ-दहा फुटवे आले असतील तर पानगळीच्या काळात दोन सरळ, जोमदार ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने जमिनीलगत, साल न सोलता कापा. मुळं आधीच खोल असल्याने हा फुटवा नव्या रोपाच्या कितीतरी पुढे जातो, आणि पाणी घालावं लागत नाही. जिथे मुळंच उरलेली नाहीत तिथे बी टोका. मोहाचं बी, म्हणजे टोळंबी, पडल्यावर थोड्याच आठवड्यांत उगवणशक्ती गमावतं, म्हणून जून-जुलैत ताजंच लावायचं. पुढच्या वर्षासाठी ठेवलेल्या टोळंबीचं तेल निघतं, झाड निघत नाही.

पाणी अडवताना माथ्यापासून खाली या. सलग समतल चर साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. समतल रेषा डोळ्यांनी आखू नका. दोन मीटरच्या दोन काठ्या, मध्ये आडवी काठी आणि दोरीला बांधलेला दगड एवढ्यावर ए-फ्रेम होते. पाय अदलाबदल करून दोन्ही वेळा दोरी कुठे थांबते ते पाहायचं आणि मधोमध खूण करायची. चर जरा जरी तिरका गेला तर पाणी एका टोकाला धावतं, चर फुटतो आणि खाली नवी घळ पडते. माती नेहमी उताराच्या बाजूला टाकायची. झाडाची मुळं तोडून चर नेऊ नका; तिथे खंड पाडून पुढून सुरू करा.

आग

सातपुड्यातलं जंगल सर्वात जास्त मारते ती आग, आणि तिचं कारण बहुधा मोहाखालीच सापडतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि वाऱ्याने आग डोंगर चढते. एका आगीने मोठा साग मरत नाही, पण चारोळी-बिज्याची वर्षा-दोन वर्षांची रोपं जातात. दरवर्षी असंच झालं की शेवटी साग आणि गवत एवढंच उरतं.

उपाय अवघड नाहीत. फेब्रुवारीतच प्रत्येक मोहाखालचा पाला झाडून बाहेर ओढायचा, किंवा झाडाखाली जमिनीपासून हातभर वर जुनी जाळी बांधायची. जाळीवरच्या फुलांना माती लागत नाही आणि भावही बरा मिळतो. हद्दीवर जाळरेषा १५ फेब्रुवारीच्या आत व्हावी, कारण वनविभागही १५ फेब्रुवारी ते १५ जून हाच आगीचा हंगाम धरतो. किमान तीन मीटर रुंद पट्टा, माती दिसेपर्यंत साफ. समजा गावाचं जंगल २०० हेक्टर आहे. ते अगदी चौकोनी असतं तरी कडेची लांबी साडेपाच किलोमीटरच्या वर जाते, आणि खरी हद्द वाकडीतिकडी असल्याने काम त्याहून जास्त निघतं. ओढा, रस्ता, उघडा कातळ जिथे आहे तिथे त्यांनाच रेषा माना. पानगळ मेपर्यंत चालते, म्हणून मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये रेषा पुन्हा झाडावी लागते. हे दुसरं झाडणं चुकलं की फेब्रुवारीतली सगळी मेहनत पाचोळ्याखाली जाते.

राखणीची पाळी लावताना साठ घरं आणि रोज चार माणसं धरली तर एका घराची पाळी पंधरा दिवसांनी येते. पाळीचा कागद दुकानावर लावा. आग दिसल्यास धूर वर चढतो त्या बाजूने कुणी जायचं नाही. वाऱ्याच्या पाठीमागून, ओल्या डहाळ्यांनी कडा मारत जायचं. बाहेरचा तोडणारा सापडला तर त्याला मारहाण करणं गुन्हा आहे. जागा, वेळ, माल यांची नोंद करा, पंचनामा करा आणि वनविभागाला कळवा.

काढणीची तारीख आणि उघडी वही

चारोळीचं उदाहरण घ्या. फळ पिकतं एप्रिल-मेमध्ये. पण मी थांबलो तर दुसरा तोडेल, या धास्तीने लोक कच्चंच उतरवतात, फांद्या मोडून. बी पोकळ निघतं, व्यापारी भाव पाडतो आणि जमिनीवर एकही पक्कं बी पडत नाही. यात कुणी वाईट नसतं. तारीख ठरलेली नसते एवढंच. ग्रामसभेने ‘अमुक दिवसाच्या आत कुणी तोडायचं नाही, आणि दहातलं एक झाड बियासाठी सोडायचं’ असं ठरवलं की धास्ती संपते. आपल्याकडे ही रीत नवी नाही. पूजा झाल्याशिवाय नवी पालेभाजी, नवं धान्य तोंडात घालायचं नाही ही नवाईची चाल म्हणजे काढणीची तारीखच आहे. आवळा, डिंक, रोशा गवत, सगळ्यांना हाच नियम लावता येतो. रोशाच्या तेलाने तर एकेकाळी खानदेशचं नाव परदेशात पोचवलं होतं.

धडगाव-मोलगीकडच्या आमचुराचंही तेच. कैरीची कोय धरल्यावर उतरवलेल्या फळाचा आमचूर वजनाला जास्त भरतो. लोखंडी विळीने चिरला तर काप काळे पडतात, स्टीलच्या सुरीने पांढरे राहतात, आणि पांढऱ्यालाच भाव असतो. अवकाळी पावसासाठी ताडपत्री हाताशी हवी. मोहफुलं पूर्ण वाळवून, जमिनीपासून वर फळीवर ठेवली तर पावसाळ्यापर्यंत थांबून विकता येतात. अर्धओली ठेवली तर पंधरा दिवसांत बुरशी येते.

गौण वनोपजाची मालकी कायद्याने वेचणाऱ्यांची आणि ग्रामसभेची आहे, बांबूही त्यात आला. वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देते. विक्री एकत्र केली तर भाव ग्रामसभा सांगू शकते, पण त्यासाठी वही हवी. ग्रामसभेचं बँक खातं, पॅन, तीन सह्या ज्यांत एक महिलेची, प्रत्येक पैशाची पावती आणि दर महिन्याला सभेत मोठ्याने हिशोबवाचन. आम्ही पाहिलेल्या समित्या चोरट्या तोडीने फार कमी मोडल्या. वही दोन महिने कपाटात राहिली आणि कुजबुज सुरू झाली, त्यानेच मोडल्या. दंडाची रक्कम लहान ठेवा, पण वसूल करा. पाच हजारांचा दंड कुणी भरत नाही, दोनशेचा भरतो.

अलीकडे कार्बन क्रेडिटचे, म्हणजे जंगलाने शोषलेल्या कार्बनच्या विक्रीचे, करार घेऊन कंपन्यांची माणसं पाड्यांवर येतात. मुदत किती वर्षांची, त्या काळात चराई आणि फाट्यावर बंधन येतं का, पैसा कुणाच्या खात्यात, मध्येच बाहेर पडायची सोय आहे का, हे मराठीत लेखी आल्याशिवाय आणि पूर्ण ग्रामसभेत वाचल्याशिवाय सही करू नका.

बाहेरच्यांनी कसं सामील व्हायचं

शहरातल्या माणसाला ग्रामसभेत मत नाही, आणि ते मागूही नये. पण कामं खूप आहेत, आणि पैशापेक्षा हातातलं कसब जास्त उपयोगी पडतं. तुम्ही हिशोबनीस असाल तर वर्षातले चार दिवस द्या आणि गावातल्या दोन मुला-मुलींना वही आणि बँक ताळमेळ शिकवा. स्वतः लिहून देऊ नका. भूगोल किंवा वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी चौकोन मोजायला येऊ शकतात. आकडे गावात ठेवून जायचे ही अट. वकील मंडळींनी अपिलाचे ६० दिवस सांभाळायला मदत केली तरी मोठं काम होईल. सेवानिवृत्त तलाठी, वनपाल यांना जुने नकाशे वाचता येतात, त्यांची फार गरज असते.

पैसे द्यायचे असतील तर ग्रामसभेच्या खात्यात, पावती घेऊन, आणि ठरावात लिहिलेल्या कामासाठी द्या. ग्रामसभा देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी (८०-जी ची) पावती देऊ शकत नाही. ती हवी असेल तर नोंदणीकृत संस्थेमार्फत, पण त्या संस्थेने तो पैसा कशावर खर्च केला याचा हिशोब ग्रामसभेतही वाचला गेला पाहिजे. माल घेत असाल तर ग्रामसभेने ठरवलेल्या भावाने घ्या, घासाघीस नको, आणि काढणीच्या आधी मागणी कळवा म्हणजे गावाला किती राखायचं ते ठरवता येतं. बारीपाड्यात दरवर्षी रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. अशा दिवशी आलात तर जंगलातून किती प्रकारचं अन्न येतं हे ताटातच कळतं.

पावसाळ्यात बस भरून येऊन एका सकाळी पाचशे रोपं लावण्याचा बेत मात्र कृपया करू नका. ती रोपं पुढच्या उन्हाळ्यात कोण जगवणार, हे ठरलेलं नसतं. बियांचे गोळे डोंगरावर फेकल्यानेही फारसं हाती लागत नाही. बहुतेक बी उंदीर-मुंग्या खातात, उरलेलं गवतात दडपतं. त्याच तीस माणसांनी जानेवारीच्या शेवटी येऊन तीन दिवस जाळरेषा साफ केली तर त्या डोंगरावरची हजारो उगवती रोपं वाचतात.

यायचं ठरवलंत तर आधी ग्रामसभेला मराठीत साधं पत्र लिहा: किती जण, कोणत्या तारखा, कोणतं काम येतं, राहण्या-जेवणाचे पैसे कसे देणार. पत्र डिसेंबरच्या सभेआधी पोचलं तर त्याच सभेत ठराव होतो आणि तुमचा गट राखणीच्या पाळीत बसवता येतो. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार आणि होळीचे दिवस टाळा, तेव्हा सगळं गाव घराबाहेर असतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बूट, दोन लिटर पाणी आणि बांबूचा खराटा सोबत आणा. काम सकाळी सहाला सुरू होतं आणि ऊन चढायच्या आत, दहापर्यंत थांबतं.